बायबलमधला ‘परमेश्वर’ आला कुठून? पंडिता रमाबाईंनी चर्चला विचारलेले प्रश्न आणि केडगावचं मराठी बायबल

हिमायतनगरच्या, म्हणजे जुन्या वाढोण्याच्या परमेश्वर मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. मराठी बायबलचा जुना करार उघडला तर हाच शब्द, ‘परमेश्वर’, पानोपानी भेटतो. मुदखेडहून निघालेली गाडी हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला पोहोचते तिथे भाषा बदलते. तेलुगू बायबलमध्ये त्याच जागी ‘यहोवा’ असतो. उर्दू बायबलमध्ये ‘खुदावंद’ असतो. ग्रंथ एकच, मग देवाचं नाव तीन गावांत तीन प्रकारचं कसं?

प्रश्न फक्त शब्दांचा नाही. ख्रिस्ती धर्मात बायबलचं स्वतःचं किती आहे, आणि तो ज्या ज्या देशांतून आला तिथल्या भाषेचं, रीतीरिवाजांचं, राजकारणाचं किती आहे, असा हा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात एका मराठी बाईने हा प्रश्न थेट इंग्लंडच्या चर्चला विचारला. त्यासाठी जवळच्या माणसांचा रोष घेतला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांचं नाव पंडिता रमाबाई. स्त्रीशिक्षणाच्या धड्यात त्यांचं नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण त्यांच्या आयुष्याची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

आधी बायबलविषयी थोडं

बायबल हे एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नाही. अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिलेल्या ग्रंथांचा तो संग्रह आहे. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे, त्यातला काही भाग अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. येशू आणि त्याचे शिष्य रोजच्या व्यवहारात अरामी बोलत, पण त्यांची गोष्ट लिहून ठेवली गेली ती ग्रीकमध्ये. कारण रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात तीच सगळ्यांना समजणारी भाषा होती.

म्हणजे सुरुवातीपासूनच बायबल भाषांतरातून प्रवास करत आलेलं आहे. हिब्रूत देवाचं नाव चार अक्षरांनी लिहिलं जाई. आदरापोटी ज्यू लोकांनी ते नाव उच्चारणं बंद केलं आणि वाचताना त्या जागी ‘माझा स्वामी’ अशा अर्थाचा शब्द म्हणायला सुरुवात केली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ग्रीक भाषांतर होऊ लागलं. पुढे त्या परंपरेत या नावाच्या जागी धनी किंवा स्वामी अशा अर्थाचा ग्रीक शब्द रूढ झाला. लॅटिन आणि इंग्रजीने तीच वाट धरली. मराठी भाषांतरकारांनी मात्र इथल्या माणसाच्या तोंडात असलेला ‘परमेश्वर’ हा शब्द निवडला.

‘ख्रिस्त’ हे येशूचं आडनाव नाही. हिब्रूतल्या ‘मशीहा’ या शब्दाचं ते ग्रीक भाषांतर आहे आणि त्याचा अर्थ अभिषेक झालेला. जुन्या करारातल्या महापुराच्या कथेसारखी कथा बॅबिलोनियाच्या मातीच्या विटांवर कोरलेली सापडली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ती १८७२ मध्ये वाचून जाहीर केली, तेव्हा युरोपात मोठी खळबळ उडाली होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची नावं बायबलमध्ये आहेत, पण ‘त्रैक्य’ हा शब्द त्यात नाही. त्या श्रद्धेची नेमकी शब्दरचना करण्याची सुरुवात इसवी सन ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या निकिया या गावी भरलेल्या बिशपांच्या सभेत झाली. ती सभा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली होती. २५ डिसेंबर ही तारीखही बायबलमध्ये कुठे नाही.

यातली कोणतीही गोष्ट श्रद्धा खोटी ठरवत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक समाजाने हा धर्म घेतला तो आपल्या भाषेत आणि आपल्या सवयींसह. मग इंग्रज लोक भारतात तो घेऊन आले तेव्हा सोबत काय काय आलं? रमाबाईंचा वाद नेमका इथे सुरू होतो.

जंगलातली पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे पंडित. बायकोला संस्कृत शिकवायचं असं त्यांनी ठरवलं, तेव्हा समाजाने विरोध केला. मग ते घराबाराबाहेर जंगलात राहायला गेले. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाईंनी.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत गावोगाव फिरू लागलं. पुराण सांगायचं, ऐकणारे जे देतील त्यावर गुजराण करायची. भागवत पुराणाचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना लहान वयातच पाठ झाले होते. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे बहुतांश पायी देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवलं. तोवर स्त्रियांनी वेद वाचायचे नाहीत असंच त्या मानत आल्या होत्या. धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचू लागल्यावर त्यांना दिसलं की बाकी बाबतीत ग्रंथांचं एकमेकांशी पटत नसलं, तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा थेट हक्क नाही. ज्या मुलीला आईने संस्कृत शिकवलं, तिने त्या भाषेतून स्वतःविषयी वाचलं ते हे.

एक सवय त्यांना इथेच लागली. धर्म काय म्हणतो हे कोणाकडून ऐकायचं नाही, मूळ ग्रंथ उघडून बघायचा. हीच सवय पुढे इंग्लंडमध्ये त्यांना अडचणीत आणणार होती.

लग्न, वैधव्य आणि पुणे

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार आला. आसामातल्या सिल्चरला त्यांचा संसार होता. तिथेच त्यांच्या हाती लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली. त्या बाप्टिस्ट मिशनऱ्याशी बोलू लागल्या. मुलगी मनोरमा एप्रिल १८८१ मध्ये झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. चोवीस वर्षांच्याही आत रमाबाई विधवा झाल्या, कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या वर्तुळातल्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. पुस्तकाच्या पैशातून त्यांनी इंग्लंडला जायचं ठरवलं. हेतू वैद्यकीय शिक्षणाचा होता. पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन धर्मभगिनींचा मूळ मठ इंग्लंडमधल्या वँटेज या गावी होता. राहण्याची सोय तिथे झाली.

याच काळात त्यांच्यावर एका माणसाचा प्रभाव पडला. नीळकंठशास्त्री गोरे, पुढचे नेहेम्या गोरे. काशीला वाढलेले मराठी ब्राह्मण, षड्दर्शनांचे जाणकार, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. त्यांनी ख्रिस्ती मत हिंदू दर्शनांच्या भाषेत, वादविवादाच्या आपल्या पद्धतीने मांडलं होतं. संस्कृत शास्त्रांवर वाढलेल्या रमाबाईंना इंग्रज मिशनऱ्यांच्या प्रवचनांपेक्षा हा युक्तिवाद जवळचा वाटला.

बाप्तिस्मा झाला, पण कोणत्या चर्चमध्ये?

१८८३ मध्ये रमाबाई छोट्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला पोहोचल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. वँटेजच्या धर्मभगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत. अशा बायकांना आधार देणारा धर्म रमाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईशी बोलतो, ही गोष्ट त्यांच्या मनात बसली. शोमरोनी म्हणजे ज्यांच्या हातचं पाणी ज्यू लोक पीत नसत असा समाज. विहीर, पाणी आणि विटाळ यांचा अर्थ मराठी बाईला वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती.

काही महिन्यांतच आनंदीबाईंनी वँटेजमध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या धक्क्यानंतर, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंना ‘मेरी रमा’ हे नाव मिळालं. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होणं शक्य नव्हतं. मग त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. तिथल्या प्राचार्य डॉरोथिया बील होत्या.

इकडे पुण्यात संताप उसळला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यांनाच ही फसवणूक वाटली. बाजू घेणारे थोडे होते. त्यांतले एक जोतीराव फुले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंचं समर्थन केलं.

भारतातल्या टीकाकारांना वाटलं की रमाबाई इंग्रज झाल्या. इंग्लंडमध्ये मात्र त्याच वेळी उलट तक्रार सुरू होती की त्या पुरेशा ख्रिस्ती होत नाहीत. ही तक्रार वँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांची होती. त्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या आणि त्यांच्यावर मनापासून माया करत. दोघींचा आणि मिस बील यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला. त्यातून वादाचे मुद्दे नेमके कळतात.

वादाचे चार मुद्दे

*पहिला, ताटातलं अन्न.* रमाबाई मांस, मासे, अंडी खात नसत. अंडं घातलेलं पुडिंगही त्यांनी नाकारलं. सिस्टर जेराल्डिन यांना हा जातीचा उरलेला अभिमान वाटला. रमाबाईंचं म्हणणं असं की इंग्रजांना त्यांच्या सवयी आवडतात तशा मला माझ्या आवडतात, आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवण्यासाठी मांस खाल्लंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

*दुसरा, क्रुसावरची भाषा.* त्यांना घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन मजकूर होता. रमाबाईंनी विचारलं की लॅटिनच का? ती ना त्यांची मातृभाषा, ना येशूची. परकी भाषाच पवित्र मानायची तर संस्कृत काय वाईट? लहानसा वाटणारा हा प्रश्न मोठा होता. लॅटिन ही रोमची भाषा. ती पवित्र ठरली कारण चर्च रोममधून युरोपभर पसरलं. तो इतिहासाचा भाग झाला, श्रद्धेचा नाही, एवढंच रमाबाई दाखवत होत्या.

*तिसरा, श्रद्धेची कलमं.* त्रैक्य, येशूचा कुमारीपोटी जन्म आणि चर्चमध्ये म्हटली जाणारी अथानेसियसच्या नावाची श्रद्धाघोषणा, या सगळ्यांवर त्यांना शंका होत्या. घोषणा माणसांनी तयार केल्या, तेव्हा आधी बायबलमध्ये काय आहे ते मी बघेन, अशी त्यांची भूमिका होती. इंग्लंडमध्येच किती पंथ आहेत हे त्या बघत होत्या. प्रत्येक पंथ स्वतःला खरा म्हणतो. मग आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या नावाने झाला आहे, इंग्लंडच्या चर्चच्या नावाने नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं.

*चौथा, अधिकार.* कॉलेजात मुलग्यांनाही संस्कृत शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची प्रतिष्ठा जाईल, असं कारण दिलं गेलं. बंगालपासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांत बोललेल्या रमाबाईंना याचं नवल वाटलं. स्वतःच्या देशात जे त्यांनी मोडलं होतं, तेच त्यांच्या देशाच्या नावाने इंग्लंडमध्ये त्यांच्यावर लादलं जात होतं.

या वादात सगळ्यात नाजूक जागा होती मनोरमाची. मुलगी बराच काळ वँटेजच्या भगिनींकडे असे. तिला कोणत्या पद्धतीची शिकवण द्यायची, हे कोण ठरवणार? भगिनींनी तिला जीव लावला होता आणि रमाबाई त्यांच्या आधारावर परक्या देशात राहत होत्या. तरीही आपल्याला न पटलेली मतं मुलीच्या मनात भरवलेली चालणार नाहीत, यावर त्या अडून बसल्या. आश्रयदात्यांना हा कृतघ्नपणा आणि गर्व वाटला. रमाबाईंच्या दृष्टीने, एका धर्माच्या पुरोहितांना प्रश्न विचारून बाहेर पडल्यावर दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांपुढे गप्प बसणं शक्यच नव्हतं.

अमेरिका, शारदा सदन आणि पुन्हा तोच पेच

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे होते. मदत करणाऱ्यांत वेगवेगळ्या पंथांचे लोक होते. कोणत्याही एका चर्चच्या हाताखाली जायचं नाही, हे रमाबाईंचं धोरण इथे कामी आलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही, असं ठरलं होतं. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर होते. इथेच शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. त्या मुलींना अडवायला त्यांनी नकार दिला. पुण्यात ओरड झाली, ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघड्या दाराचा अर्थ स्वातंत्र्य की आमिष, यावर तेव्हा दोन मतं होती आणि आजही अभ्यासक त्यावर वाद घालतात. आश्रयाला आलेल्या विधवेपुढे निवड खरंच मोकळी असते का, हा टीकाकारांचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. वँटेजमध्ये मनोरमाविषयी रमाबाईंनी जे विचारलं, त्याच्या जवळचाच तो प्रश्न होता.

केडगावची ‘मुक्ती’

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या आईवडिलांना भुकेने गेलेलं पाहिलेल्या बाईला ते दृश्य नवं नव्हतं. शेकडो मुली आणि बायका त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना केडगावला ठेवलं. लातूर, कुर्डुवाडीमार्गे पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर हे स्टेशन लागतं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या सुमारे दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, अंध मुलींची शाळा, छापखाना, सगळं बायका चालवत.

इथे मात्र सुरुवातीपासून संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. रमाबाईंची श्रद्धाही बदलली होती. १८९१ च्या सुमारास त्यांना वाटलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताशी नातं अजून जुळलंच नाही. त्यानंतर इंग्लंडमधल्या शंका मागे पडल्या आणि त्या अधिक भावनिक, अधिक निश्चित श्रद्धेकडे गेल्या. १९०५ मध्ये मुक्तीमध्ये मोठ्या प्रार्थना-चळवळीला सुरुवात झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात आज या घटनेची नोंद घेतली जाते. इंग्लंड-अमेरिकेतून भारतात येणारा ख्रिस्ती धर्म इथे उलट्या दिशेने वाहिला.

शब्द बदलायचे, पण कोणते?

मुक्तीतल्या बहुतेक जणी कधी शाळेत न गेलेल्या. त्यांच्यासाठी रमाबाई बायबल वाचत तेव्हा अडचण लक्षात येई. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर होतं. मराठी नव्या कराराची सुरुवात बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी यांनी केली होती. १८११ ची ती आवृत्ती पंडित वैजनाथ यांच्या मदतीने झाली. पुढची भाषांतरं मुंबईच्या मिशनऱ्यांनी केली. त्यांचे मदतनीस बहुधा शिकलेले ब्राह्मण, त्यामुळे भाषाही तशीच.

रमाबाईंची तक्रार दुहेरी होती. एक, ही भाषा साध्या बाईला कळत नाही. दुसरी अधिक खोल. संस्कृत धार्मिक शब्द मोकळा येत नाही, तो आपली सगळी परंपरा सोबत घेऊन येतो. हे त्यांना कोणापेक्षाही जास्त माहीत होतं, कारण त्या शब्दांवरच त्यांचं बालपण गेलं होतं. उदाहरणच घ्यायचं तर ‘मोक्ष’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात जन्ममरणाचा फेरा येतो. हिब्रू किंवा ग्रीक लेखकाच्या डोक्यात तो नव्हता.

मग त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं आणि मूळ भाषांतून भाषांतर सुरू केलं. हे काम वर्षानुवर्षं चाललं. खिळे जुळवणं, मुद्रितं तपासणं, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीच्या बायकांनी केलं. ज्या परंपरेत वेद बाईच्या कानावर पडू नये असं सांगितलं जाई, त्या परंपरेतून आलेली बाई पवित्र ग्रंथ भाषांतरित करत होती, आणि दुष्काळातून वाचलेल्या मुली त्याचे खिळे जुळवत होत्या.

दुसरी वाट: स्टीफन्स आणि टिळक

सगळ्या मराठी ख्रिस्ती लेखकांना रमाबाईंचा हा मार्ग पटला असता असं नाही. त्यांच्या तीनशे वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्यात त्यांनी पुराणाची चौकट घेतली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही वापरला.

रमाबाईंचे समकालीन कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं मानलं. टिळकांच्या मते भक्तिपरंपरेचे शब्द टाकून दिले तर मराठी माणसाचं हृदयच टाकून दिल्यासारखं होईल.

दोघांनाही इंग्रजी साज उतरवायचा होता. फरक पुढे होता. टिळकांनी त्या जागी वारकरी साज चढवला. रमाबाईंना कोणताच साज नको होता, मूळ मजकूर आणि रोजची मराठी, एवढंच हवं होतं. पण भाषा कधी पूर्ण कोरी मिळते का? मराठी बायबलमध्ये येशूच्या प्रार्थनेत ‘भाकर’ आहे. पॅलेस्टाइनमध्ये ज्वारीची भाकर नव्हती. तरी तो शब्द काढला तर त्या प्रार्थनेतली भूकच निघून जाईल. शब्द बदलला की अर्थाला थोडा धक्का लागतो, आणि शब्द न बदलावा तर अर्थ पोहोचतच नाही. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला यातून वाट काढावी लागते. रमाबाईंनी काढलेली वाट मूळ मजकुराला घट्ट धरून होती. चर्चमधल्या वाचनासाठी मात्र बायबल सोसायटीचं भाषांतरच रूढ राहिलं.

शेवटची वर्षं

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुक्तीचा कारभार पुढे तीच सांभाळेल असं सगळ्यांनी धरलं होतं. चाळीस वर्षांच्या त्या मुलीच्या मागे रमाबाई अवघे काही महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचं निधन झालं. शेवटच्या दिवसांपर्यंत भाषांतराच्या मुद्रितांचं काम सुरू होतं. त्यांचं संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

मराठी सार्वजनिक जीवनाने त्यांना बराच काळ बाजूला ठेवलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून सुधारकांच्या यादीत त्यांचं नाव मागे पडलं. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं आणि त्याच सुमारास अभ्यासकांनी त्यांचं लेखन नव्याने वाचायला घेतलं. केडगावची मुक्ती संस्था आजही सुरू आहे.

ज्या इंग्लंडच्या चर्चची श्रद्धाघोषणा म्हणायला त्यांनी कुरकुर केली होती, त्याच चर्चच्या अधिकृत दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. तिथे त्यांच्या नावापुढे त्यांची ओळख लिहिलेली आहे ती धर्मग्रंथाच्या भाषांतरकार म्हणून.